अण्णांच्या सह्या विकायला काढल्या तेव्हा

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली, म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली आली. नाहीतर ती आणखी तीस वर्षं वरच राहिली असती. घर रिकामं करायला दीड महिना होता आणि भाड्याची जागा मिळाली ती कासारवडवलीला, इथल्यापेक्षा एका खोलीने लहान. त्यामुळे मे २०२४ मध्ये आमच्या घरात प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न होता : न्यायची, द्यायची, की विकायची? पाटा-वरवंटा द्यायचा ठरला. घंगाळ न्यायचं ठरलं. शिवणयंत्रावरून आई-बाबा दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. ट्रंकेतून निघालेलं अण्णांचं ऑटोग्राफ बुक विकायचं मात्र एका मिनिटात ठरलं. कारण त्यात गांधीजींची सही आहे, हे आमच्या घरात प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. जीआयपी रेल्वेच्या बोरीबंदरच्या हेड ऑफिसात कारकून. रोज ठाण्याहून गाडी, संध्याकाळी परत. नाटक, गाणं आणि क्रिकेट ही तीन व्यसनं. ऑटोग्राफ बुक तळहाताएवढं, तपकिरी कातडी बांधणीचं, आत गुलाबी, निळी, पिवळी पानं. पानांना आकडे त्यांनी स्वतः घातले होते. अण्णांची एक खोड अशी की सही मिळायच्या आधीच पानाच्या डोक्यावर पेन्सिलीने नाव लिहून ठेवायचं. जणू टेबल राखून ठेवलंय, पाहुणे यायचेत.

पान १४ वर ‘महात्मा गांधी’ लिहिलं होतं. खाली काही नव्हतं.

बाबांनी पान उजेडाकडे धरलं, तिरकं केलं, मागून पाहिलं. शाई उडाली असेल म्हणाले. मग मी त्याच ट्रंकेतल्या रोजनिशा काढल्या. नऊ रोजनिशा, परकराच्या नाडीने बांधलेल्या. गांधीजी मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटले आणि विश्रांतीसाठी जुहूला राहिले, हे इतिहासात कुठेही मिळतं. म्हणून ४४ सालची रोजनिशी उघडली. मे महिन्याच्या शेवटी सापडलं : ‘जुहू. प्रार्थनेस गेलो. गर्दी फार. सही रु. ५, हरिजन फंडास. जवळ २॥. पुढच्या वेळी.’

गांधीजी सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडात जात, हे मला ऐकून माहीत होतं. पण ते पाच रुपये आमच्या घरी कमी पडले होते, हे माहीत नव्हतं. डोंबिवलीला आत्याला फोन लावला. ती म्हणाली, “काहीतरीच काय! मी पाहिलीये ती सही. निळ्या शाईतली.” ४४ साली आत्या एक वर्षाची होती. बाबांनी मला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं.

तर गांधीजी गेले. उरलं काय, ते पाहायला बसलो.

दिवाणखान्यात फ्रेममध्ये पंडित नेहरूंचं कार्ड होतं. अण्णांनी नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, त्याचं उत्तर, खाली सही. माझ्या जन्माच्या आधीपासून ते त्या भिंतीवर आहे. फ्रेम उघडायला बाबा तयार नव्हते. शेवटी पॅकिंगवाल्यांनी काच वेगळी काढायला सांगितली म्हणून उघडली. मी विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासते. वीस वर्षं हेच केलंय, त्यामुळे घरात सोनाराचं दहापटीचं भिंग असतं. शाईच्या पेनाची सही असेल तर रेघ रेघेला छेदते तिथे रंग गडद होतो, शाई कागदाच्या धाग्यांत किंचित पसरते, निब जिथे टेकतं आणि उचलतं तिथे थेंब जमतो. कार्डावर यातलं काहीच नव्हतं. रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा, कडा कापल्यासारख्या. सही छापलेली होती. एवढ्या लोकांना उत्तरं पाठवायची तर दुसरं काय करणार? बाबांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, परत फ्रेममध्ये घातलं आणि पॅकिंगवाल्याला म्हणाले, “हे न्यायचंय.”

खरा ऐवज होता तो २२ आणि २३ या समोरासमोरच्या पानांवर. ‘वेस्ट इंडीज टीम, डिसें. ४८, ब्रेबॉर्न.’ खाली चौदा सह्या. वेस्ट इंडीजचा भारतातला तो पहिलाच कसोटी दौरा. कर्णधार जॉन गोडार्ड, त्याच्याखाली वीक्स, वॉलकॉट, स्टॉलमायर, रे, गोमेझ, आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात जॉर्ज हेडली. पुढच्या पानांवर आपले लोक : लाला अमरनाथ, हजारे, मांकड, रुसी मोदी, फडकर, आणि ‘पी. आर. उम्रीगर’, बावीस वर्षांचा, त्याच सामन्यात पहिली कसोटी खेळलेला. शिवाय एका पाकिटात सुटे कागद : बालगंधर्वांची सही असलेलं भजनाच्या कार्यक्रमाचं पत्रक, साठ-सत्तरच्या दशकातल्या काही खेळाडूंच्या कार्यालयीन कागदावर घेतलेल्या सह्या, आणि ओळखताच येत नाहीत अशा सात.

किंमत कशी काढायची, हे मला शून्य माहीत होतं. नाशिकच्या काकांचा मुलगा लेस्टरला असतो. त्याने फोनवरून परदेशी साइटवरचे आकडे धाडायला सुरुवात केली. एका पानाला दोन लाख! एका बॅटला नऊ लाख! चार दिवस घरात त्या आकड्यांचीच चर्चा. आईने तर मनातल्या मनात मॉड्युलर किचन करून घेतलं. मग माझ्या लक्षात आलं, हे सगळे मागितलेले आकडे आहेत. त्याच साइटवर खरोखर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात. त्या पाहिल्या आणि किचन गेलं. मागायला काय जातं हो? आमच्या गल्लीतला एक जण आठ वर्षं त्याची स्कूटर साठ हजारांना विकतोय.

पहिली फेरी चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर. शनिवारी सकाळी गाडी पकडून भायखळ्याला उतरले आणि तिथून टॅक्सी केली. बुक नेलं नव्हतं, मोबाइलवर फोटो होते. तीन दुकानांत दाखवले. पहिल्याला कातडी बांधणीत रस, सह्यांत नाही. दुसऱ्याने सगळ्याचे मिळून आठ हजार सांगितले, मी वळले तेव्हा अकरा झाले. तिसऱ्याने सगळे फोटो शांतपणे पाहिले, पान १४ वर थांबला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. “ताई, हे पान रिकामं आहे ते फार चांगलं आहे,” म्हणाला. मला वाटलं गंमत करतोय. “कागद त्या काळचा, वरचं नाव त्या काळचं. फक्त सहीच राहिलीय.” आणि माझ्याकडे पाहून थांबला. मला समजायला दोन-तीन सेकंद लागले. समजलं तेव्हा त्या बोळात भर उन्हात अंगावर काटा आला. अण्णांनी राखून ठेवलेल्या जागेवर हा माणूस पाहुणा बसवायला निघाला होता. आणि सही बसलीही असती. माझी आत्या तर शपथेवर साक्ष द्यायला तयारच होती.

ऑनलाइन जाहिरातही दिली. अर्ध्या तासात एका ‘फौजी’चा फोन आला. वस्तू न बघताच पसंत, पूर्ण पैसे आगाऊ, फक्त पैसे मिळवण्यासाठी मी त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, द्यायला लागतं. जाहिरात काढून टाकली.

खरं शिक्षण झालं ते फोर्टात. नाणी, तिकिटं, जुनी कागदपत्रं यांचा व्यापार करणारे एक वयस्कर शेठ, जिना चढून जायचं ऑफिस, पंखा इतका मंद की पाती मोजता येतील. ऑफिसातल्या एका वरिष्ठांनी त्यांचं नाव सुचवलं होतं. या वेळी बुक नेलं, पिशवीत, सुती रुमालात गुंडाळून. त्यांनी रुमाल सोडला, बुक नाकाजवळ नेलं आणि उघडायच्या आधीच विचारलं, “उन्हात ठेवलं होतं?”

ठेवलं होतं. कुबट वास जावा म्हणून गॅलरीत दोन दुपारी. त्यांनी कपाळाला हात लावला. शाईचा पहिला शत्रू ऊन, दुसरा दमट हवा, आणि ठाण्यात दोन्ही फुकट मिळतात. पुस्तकात डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत, लॅमिनेशन तर नाहीच, आणि फायलीच्या दुकानातली ती मऊ, वास मारणारी पीव्हीसीची पाकिटं शाई ओढून घेतात. साधा आम्लमुक्त कागद मध्ये घालायचा, सिलिका जेलची पुडी डब्यात ठेवायची. २३व्या पानाच्या कडेला कुणीतरी सेलोटेप लावली होती, पिवळी पडलेली. मी ती नखाने सोडवायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. “राहू द्या. टेपचं नुकसान होऊन गेलंय, तुमचं अजून व्हायचंय.”

मग त्यांनी भिंग घेऊन चौदा सह्या एकेक करून पाहिल्या. मला शंका होती ती मी बोलून दाखवली : चौदाच्या चौदा एकाच निळ्या-काळ्या शाईत आहेत, कुणा एकानेच केल्या नसतील कशावरून? ते हसले. संघाच्या कागदावर एकाने दुसऱ्याची सही करणं हे होतं, म्हणाले, आणि म्हणून ते शाई बघत नाहीत, हात बघतात. जोर कुठे दिलाय, पेन कुठे उचललंय, अक्षर कुठल्या बाजूला कलतं. चौदा वेगळे हात आहेत. आणि शाई एक असायचं कारण साधं : पेन एकच असेल, तुमच्या आजोबांचं.

तेव्हा मला रोजनिशी आठवली. घरी येऊन ४८ ची काढली. ‘ब्रेबॉर्न. ऑफिसातून हाफ डे. वीक्स १९४ वर गेला, द्विशतकास सहा कमी. आपल्या गार्डाचा भाऊ क्लबात कामाला, त्याने बुक आत नेले. चौदा झाल्या. पेन माझे. एकाने खिशास लावून नेले, मागून घ्यावे लागले. ट्राम १ आणा.’ आणि पुढच्या वर्षीच्या रोजनिशीत, फेब्रुवारीत : ‘३६१ पाहिजे होत्या, ३५५ झाल्या. सहा कमी. घरी येऊन जेवलो नाही.’ ती त्याच दौऱ्यातली पाचवी कसोटी, मुंबईतच झालेली. आठ गडी बाद झाले होते, दिवस संपला. पंचांनी शेवटच्या षटकातला एक चेंडू आधीच यष्ट्या उचलल्या, ही हळहळ जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येते. अण्णांच्या आयुष्यात सहा धावा दोनदा कमी पडल्या आणि अडीच रुपये एकदा.

रोजनिशीची पानं घेऊन पुन्हा शेठकडे गेले. त्यांनी ती माझ्याकडून वाचून घेतली, कारण त्यांना आपली मराठी अक्षरं जड जातात, आणि मग खुर्ची मागे सरकवली. “ताई, तुम्ही मला आधी अर्धीच वस्तू दाखवली.”

त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सह्यांच्या बाजारात नाव मोठं म्हणून भाव मोठा असं नाही. ब्रॅडमनने म्हातारपणापर्यंत पत्रांना उत्तरं देत सह्या केल्या, त्यामुळे साधी सही असेल तर ती मिळते. वीक्स पंचाण्णव वर्षं जगला. हेडली त्या दौऱ्यात दिल्लीची एकच कसोटी खेळला, तो कोपरा त्यांच्या लेखी वीक्सच्या वर. सही कोऱ्या कागदावर असली तर एक भाव, पत्राखाली असली तर दुसरा. पान कापून एकेक सही विकली तर बेरीज जास्त होईल असं वाटतं, पण होते कमीच, आणि शिवाय वस्तू मरते. आणि सगळ्यांत वर काय, तर ही सही कुणी, कधी, कुठे, कुणाच्या पेनाने घेतली, ती कुणाकडून कुणाकडे आली, याचा लेखी माग. त्याला ते ‘प्रोव्हनन्स’ म्हणत होते. आमच्या धंद्यात आम्ही त्याला कागद म्हणतो. दावा खरा की खोटा, हे माणसाच्या तोंडावरून ठरत नाही, कागदावरून ठरतं. हे मी रोज दुसऱ्यांना सांगते आणि स्वतःच्या आजोबांच्या बाबतीत रोजनिशा रद्दीत द्यायला निघाले होते. खरंच, नऊच्या नऊ रद्दीच्या ढिगात काढून ठेवल्या होत्या.

त्यांनी बुकाचे चाळीस हजार सांगितले. रोजनिशांसकट साठ. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं की इंग्लंडमध्ये क्रिकेटच्या जुन्या वस्तूंचे लिलाव होतात, तिथे गिऱ्हाईक जास्त. “पण पाठवू नका.”

का, ते समजायला मला एक संध्याकाळ लागली. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. मूर्ती, नाणी वगैरेंना शंभर वर्षांची अट आहे, पण हस्तलिखित, दस्तऐवज किंवा अशा कागदाला ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असेल तर पंचाहत्तरच. तो पुरावशेष ठरला की खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. देशात विकता येतो. त्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. आता डिसेंबर १९४८ मध्ये पंचाहत्तर मिळवा. डिसेंबर २०२३. आम्ही ट्रंक उघडली मे २०२४ मध्ये. पाच महिने. बाबा म्हणाले, “अण्णांचं नशीबच असं. सहाच्या ऐवजी पाच.”

लेस्टरच्या भावाला यात काही अडचण दिसेना. दिवाळीला येतोय, बॅगेत घालून नेतो, तळहाताएवढं तर आहे, कोण बघतंय? अशी पानं म्हणजे ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज की नुसता छंद, यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला मिळवायचा रस्ता आहे, पण तो धरायचा तर मी तोंडाने काय सांगणार होते? भाव मागताना म्हणायचं की हा मोलाचा कागद आहे, १९४८ चा आहे, हा घ्या लेखी पुरावा. आणि दाखला मागताना म्हणायचं की छे, यात काय आहे! रोजनिशीमुळे भाव वाढत होता आणि तीच रोजनिशी सांगत होती की वस्तू पंचाहत्तरीच्या पलीकडे गेलीय. भावाला नाही म्हणून कळवलं. त्याने अंगठा पाठवला. तो वर होता की खाली, हे चष्म्याशिवाय दिसलं नाही, आणि चष्मा लावावासा वाटला नाही.

मधल्या काळात आणखी एक खिळा निघाला. वस्तू नक्की कुणाची? मी आणि बाबा इतके दिवस आपलीच समजून फिरत होतो. अण्णा १९९४ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही, आजी त्यांच्या आधीच गेलेली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगे आणि मुली सारखे वारस. म्हणजे आत्या, बाबा आणि काका, तिघांचा तिसरा-तिसरा हिस्सा. साध्या कागदावर तिघांचं संमतिपत्र केलं, विक्रीची रक्कम समान वाटायची. सही करताना आत्या म्हणाली, पैसे नकोत, बालगंधर्वांचं पत्रक द्या. काका म्हणाले, पैसेही घे आणि पत्रकही घे, आम्हाला कुठे नाटक कळतं. हे इतकं सहज झालं की मला संशय आला, पण खरंच तेवढंच होतं. देवनागरी सहीचा भाव काढायला मला कुणीच धड मदत करू शकलं नव्हतं. परदेशी प्रमाणपत्रवाल्यांकडे ताडून बघायला इंग्रजी सह्यांचे ढीग आहेत, बालगंधर्वांच्या कुठून असणार? पत्रक आता डोंबिवलीला आत्याच्या देवघरात आहे. उदबत्तीचा धूर लागतो, हे सांगायची माझी हिंमत नाही.

लिलावाचाही विचार केला. एका लिलाव संस्थेने फोटो पाहून अंदाज दिला साठ ते ऐंशी हजार. मी वहीत मांडलं : समजा सत्तर हजारांना गेलं. विकणाऱ्याकडून पंधरा टक्के कमिशन, १०,५००. त्यावर अठरा टक्के जीएसटी, १,८९०. हातात ५७,६१०. पुढचा लिलाव पाच महिन्यांनी, पैसे त्यानंतर महिना-दीड महिन्याने. राखीव किंमत ठेवली आणि तिथपर्यंत बोली गेली नाही तर वस्तू परत. शिवाय घेणाराही वर त्याचा प्रीमियम भरतो, म्हणजे तो बोली लावताना तेवढं मनात वजा करूनच लावणार. यात फसवणूक काही नाही, लिहून दिलेलं असतं सगळं. सत्तरच्या जागी दोन लाखांची वस्तू असती तर मी लिलावातच गेले असते; चार लोकांची चुरस लागली तर तिथेच लागते. आमची वस्तू त्या मानाने लहान होती.

आणि शेवटी गिऱ्हाईक निघालं कुठे, तर विष्णुनगरात. आमच्या जुन्या घरापासून चालत दहा मिनिटं. फोर्टातल्या शेठनीच नंबर दिला. वास्तविक स्वतः घेऊन त्याच माणसाला वाढवून विकता आलं असतं, म्हणाले, “रोजनिशी वाचून दाखवली तुम्ही, त्याचे झाले.” निवृत्त इंजिनियर, पन्नास वर्षं फक्त मुंबईतल्या कसोटी सामन्यांचे कागद जमवतात : तिकिटं, धावफलक, जेवणाची मेनू कार्डं. भिंतीला दमट हवा शोषणारं यंत्र लावलेलं कपाट. मला ते कपाट बघूनच बरं वाटलं. माझ्या स्वयंपाकघरात नाही असं कपाट त्यांच्या कागदांना होतं.

त्यांनी हातमोजे घातले नाहीत, हात साबणाने धुऊन कोरडे केले. पान उलटायला हातमोजा अडतो, म्हणाले. अर्धा तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बुक आणि नऊ रोजनिशा मिळून चौऱ्याऐंशी हजार.

बाबा बरोबर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. आदल्या रात्री भाड्याच्या घरात, खोक्यांच्या मध्ये बसून त्यांनी ४६ ची रोजनिशी वाचली होती. त्यांच्या जन्माच्या दिवशी अण्णांनी लिहिलं होतं, ‘मुलगा झाला. पेढे १। रु. गाडी २० मि. लेट.’ तेवढंच. ती ओळ त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली होती.

“रोजनिशा नाही देणार,” बाबा म्हणाले.

इंजिनियर काका म्हणाले, नऊ नकोत, ४८ आणि ४९ द्या. बाबा म्हणाले, तेही नाही. मग मी माझ्या धंद्यातली तोड काढली. त्या सामन्यांच्या नोंदींच्या पानांची स्कॅन आणि रंगीत प्रती, त्यावर तिन्ही वारसांच्या सह्या, ‘मूळ रोजनिशी आमच्या कुटुंबाच्या ताब्यात आहे आणि अभ्यासासाठी मागितल्यास दाखवू’ अशी ओळ, आणि बुक कुणाकडून कुणाकडे आलं याचा अर्ध्या पानाचा मजकूर. ते विचारात पडले. प्रत ती प्रत, म्हणाले, उद्या मी नसलो तर पुढचा माणूस तुम्हाला कुठे शोधणार? खरं होतं ते. बारा हजार कमी केले. बहात्तर. बाबांनी घासाघीस केली नाही. उलट चहा मागून घेतला.

म्हणजे दोन रोजनिशांचे आम्ही बारा हजार मोजले. जास्त दिले की कमी, हे मला अजून सांगता येत नाही. आईचं मत विचारू नका.

व्यवहार बँकेतून झाला; तीन खात्यांवर चोवीस-चोवीस हजार. सीएने बजावलं होतं की रोख घेऊ नका, पावती घ्या, आणि संमतिपत्राची प्रत पावतीला जोडून ठेवा. पावतीची काळजी मला नव्हतीच. इंजिनियर काकांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली, दोन प्रतींत, शाईच्या पेनाने, पानागणिक. कुठल्या पानावर कुठली सही, शाई कोणती, डाग कुठे, टेप कुठे. चार पानी पावती मी आयुष्यात पाहिली नव्हती.

घरी आल्यावर बाबांनी आत्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून ती पावती पहिल्यापासून वाचायला घेतली. पान १, पान २, पान ३. आत्या मध्ये मध्ये हं म्हणत होती, काही नावांना “कोण गं हा?” मला विचारत होती. बाबा १४ वर आले. ‘पान १४, गुलाबी : कोरे. वर पेन्सिलीने “महात्मा गांधी”.’

“कोरे कशाला लिहिलंय त्यांनी?” आत्या म्हणाली. “सांगायचं नाही का? मी पाहिलीये.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि पान १५ वाचायला लागले.